अकोट–खंडवा रेल्वे: वळसा, जोडणी आणि जंगलात राहून गेलेली स्थानकं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अकोला–अकोट गाडी सुरू झाली तशी लोकांची आशा वाढली आणि प्रश्नही वाढले. गाडी पुढे खंडव्याला कधी जाणार, जुन्या वाटेनं मेळघाटाच्या जंगलातून का जाणार नाही, जंगलातलं वान रोडचं स्टेशन परत उघडणार की नाही, नव्या वळशावरच्या सोनाळ्याला खरंच रूळ येणार का. चहाच्या टपरीवर या प्रश्नांची जी उत्तरं मिळतात, त्यातली निम्मी ऐकीव असतात. म्हणून जे पक्कं माहीत आहे ते इथे एकत्र लिहिलं आहे. मतं माझी आहेत, आणि जिथे मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

हा मार्ग मुळात कुठून कुठे होता?

आपण याला ‘अकोट लाइन’ म्हणतो, पण एके काळी ही उत्तर आणि दक्षिण भारत जोडणारी मीटरगेज वाट होती. राजस्थानातून रतलाम, इंदूर, महू, खंडवा, मग सातपुडा ओलांडून अकोट, अकोला, पुढे वाशीम, हिंगोली, पूर्णा आणि थेट हैदराबाद. जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून धावायची.

हा मार्ग एका दमात बांधलेला नाही. खंडवा–इंदूर हा तुकडा होळकरांच्या पैशातून झाला. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. पूर्णा–हिंगोली निजामाच्या रेल्वेनं बांधली. खंडवा आणि हिंगोली यांच्यातली फट मात्र स्वातंत्र्यानंतरच भरली गेली. म्हणजे मेळघाटातले रूळ इंग्रजांनी टाकले असं जे सांगतात ते खरं नाही. ते आपल्याच सरकारनं टाकले.

मग तो बंद का झाला?

गेज बदलण्यासाठी. मीटरगेजमध्ये दोन रुळांतलं अंतर १००० मिलिमीटर असतं आणि ब्रॉडगेजमध्ये १६७६. १९९२ पासून रेल्वेनं देशभर एकच गेज ठेवायचं धोरण घेतलं आणि मीटरगेजचे मार्ग एकेक करून बदलायला घेतले. रतलाम–महू–खंडवा–अकोला या सुमारे ४७२ किलोमीटरच्या गेज परिवर्तनाला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली. पूर्णा–अकोला त्याच सुमारास ब्रॉडगेज झाला. अकोल्याच्या वरचा भाग काही वर्षं जुन्या रुळांवर तग धरून होता. २०१७ उजाडताना अकोला–अकोट बाजूची मीटरगेज गाडी थांबली.

तेव्हा सगळ्यांना वाटलं, दोन-तीन वर्षांत मोठी गाडी येईल. अकोला–अकोट हा ४४ किलोमीटरचा तुकडा तयारही झाला, पण त्यावर प्रवासी गाडी धावायला नोव्हेंबर २०२२ उजाडला.

पुढचा तुकडा कुठे अडला?

अकोट ते आमलाखुर्द. जुन्या मार्गानं हे अंतर सुमारे ७८ किलोमीटर. त्यातला जवळजवळ अर्धा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो आणि साडेतेवीस किलोमीटर तर वाघांच्या अतिसंरक्षित अधिवासातून. रेल्वेला याच जुन्या वाटेवर ब्रॉडगेज टाकायचं होतं. वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं, २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांना पत्र लिहून पर्यायी मार्गाची मागणी केली. अखेर रेल्वेनं जंगलाबाहेरून जाणारा वळसा मान्य केला.

मीटरगेज गाडी वर्षानुवर्षं त्याच जंगलातून जात होती. वाघ होतेच ना? मग ब्रॉडगेजलाच का हरकत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा रागाचा असतो. राग समजण्यासारखा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

घाटात रखडत जाणारी, दिवसातून मोजक्या फेऱ्या करणारी मीटरगेज गाडी आणि वेगानं धावणारा ब्रॉडगेज मार्ग यांत गेजपुरताच फरक नाही. ब्रॉडगेज झालं की लांब पल्ल्याच्या गाड्या येतात, मालगाड्या येतात, त्या रात्रीही धावतात. मार्ग उत्तर–दक्षिण वाहतुकीसाठीच बदलायचा होता, तेव्हा तिथे दिवसाला चारच गाड्या धावतील असं कुणी शपथेवर सांगणार नव्हतं. शिवाय मीटरगेजची वळणं आणि चढ ब्रॉडगेजला चालत नाहीत. डोंगर नव्यानं कापावे लागले असते, भराव रुंद करावे लागले असते, बोगदे करावे लागले असते, आणि या कामाची यंत्रं, मजूर, डंपर काही वर्षं जंगलाच्या गाभ्यात मुक्कामाला राहिले असते.

आपल्याच विदर्भातलं उदाहरण आहे. गोंदिया–चंद्रपूर–बल्लारशा हा पूर्वीचा नॅरोगेज (मीटरगेजहूनही अरुंद) मार्ग, तोही ब्रॉडगेज झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीजवळ त्या मार्गावर रेल्वेखाली येऊन वाघाचे तीन बछडे मेले. एकाच वेळी तीन. आधी नॅरोगेज होती तेव्हाही तिथे वाघ होतेच.

आणखी एक गोष्ट अकोट-तेल्हाऱ्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी ही गावं वाघांसाठी म्हणून जंगलातून उठवली. त्या लोकांची घरं, देवं, शेतं तिथेच राहिली. पुनर्वसनात काय मिळालं, काय नाही, यावरून पुढे मोठे वादही झाले. माणसांना ‘इथे राहू नका, वाघाला त्रास होतो’ सांगून बाहेर काढायचं आणि त्याच जंगलातून एक्सप्रेस गाड्या न्यायच्या, हे कोणत्या तोंडानं करणार होतो? मला या सगळ्या वादात हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो, आणि तो सगळ्यात कमी मांडला गेला.

वळसा कुठून कुठे जातो?

अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेडपर्यंत साधारण जुनीच दिशा. जुनी लाइन हिवरखेडनंतर उत्तरेला वळून वान रोडकडे जंगलात शिरायची. नवी तशी न वळता पश्चिमेकडे, म्हणजे बुलडाणा जिल्ह्यात जाते. संग्रामपूर तालुक्यातलं सोनाळा, जळगाव जामोद तालुक्यातलं जामोद, मग सातपुड्याच्या रांगेतून मध्य प्रदेशात खकनार आणि पुढे तुकईथड. तिथून परत जुन्या दिशेनं आमलाखुर्द आणि खंडवा.

नकाशा उघडून पाहिलात तर लक्षात येईल की सोनाळ्याच्या वर अंबाबरवा अभयारण्य आहे आणि तेही मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. वान, नरनाळा आणि अंबाबरवा ही तिन्ही अभयारण्यं १९९७ मध्ये जाहीर झाली. त्यामुळे वळसा फक्त वानला टाळून भागत नाही, अंबाबरव्यालाही बगल द्यावी लागते. ‘एवढा लांब कशाला फिरवला’ याचं उत्तर इथे आहे.

वळशामुळे अंतर किती वाढलं? भाडं वाढेल?

साधारण २९ किलोमीटर. अकोला–खंडवा जुन्या मार्गानं सुमारे १७४ किलोमीटर होतं, ते दोनशेच्या थोडं वर जाईल. रेल्वेचं भाडं किलोमीटरवर ठरतं, म्हणून थोडा फरक पडेल, खिशाला जाणवेल असा नाही.

आता दुसरी बाजू बघा. आज अकोल्याहून खंडव्याला रेल्वेनं जायचं तर भुसावळवरून जावं लागतं: अकोला–भुसावळ सुमारे १४० आणि भुसावळ–खंडवा सुमारे १२४. वळसा घेऊनही नवा मार्ग त्याहून साठेक किलोमीटरनं जवळचा पडतो. आणि मधे मुंबई–हावडा मार्गावरची भुसावळची गर्दी टळते, ती वेगळीच.

हा वळसा म्हणजे विकासाला विरोध नाही का?

महूजवळ पाताळपाणी–कालाकुंड हा जुना घाट आहे. तिथला चढ ४० फुटांना एक फूट, म्हणजे नव्या ब्रॉडगेज मार्गासाठी फारच तीव्र. त्यामुळे रेल्वेनं तिथेही जुनी वाट सोडून लांबची नवी वाट आखली, बोगदे धरले, खर्च वाढवला. याच प्रकल्पात, याच मार्गावर. तिथे कुणी रेल्वेला विकासविरोधी म्हटलं नाही. चढासाठी वळसा घेतला तर अभियांत्रिकी आणि वाघासाठी घेतला तर अडथळा, असं कसं?

माझी तक्रार उलटी आहे. वळसा शेवटी घ्यायचाच होता तर तो मंजुरीच्या वेळीच आखायला हवा होता. मेळघाट काही २०१५ साली उगवला नाही. १९७३-७४ मध्ये देशात पहिले जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यात तो होता. जुन्याच वाटेवर अडून बसण्यात जी वर्षं गेली, ती अकोट, तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या लोकांची गेली. सोनाळा आणि जामोदच्या लोकांनी तर कधी रेल्वेची शिट्टीही ऐकली नव्हती. जंगलातून गेलेल्या लाइनचा त्यांना शून्य उपयोग होता, वळशाचा आहे. जंगलात मोजके प्रवासी, मैदानात बाजाराची गावं. प्रवासी संख्येच्या नुसत्या हिशेबानंही वळसाच बरा ठरतो, वाघ बाजूला ठेवले तरी.

वान रोड, धुळघाट, डाबका ही स्टेशनं कायमची बंद झाली का?

वळशाचा निर्णय टिकून आहे तोवर, हो. आणि हे स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं नाही, म्हणून अजूनही तिथले लोक विचारतात.

मीटरगेज बंद झाली तेव्हाची सूचना ‘गेज परिवर्तनासाठी’ अशी होती. याचा साधा अर्थ असा की काम झालं की गाडी परत येणार. हिवरखेड किंवा तुकईथडला ते खरं ठरेल. वान रोडला नाही, कारण वळसा तिथून जातच नाही. एकाच सूचनेखाली काही स्टेशनं तात्पुरती बंद झाली आणि काही कायमची, आणि कोणतं कोणत्या यादीत गेलं हे स्टेशनवर कुणी येऊन सांगितलं नाही.

स्टेशन बंद होतं म्हणजे नेमकं काय होतं? आधी तिकीट खिडकी बंद होते. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गँगमन, गेटमन यांच्या बदल्या होतात. क्वार्टर रिकामी होतात. मग रूळ आणि स्लीपर भंगारात निघतात. शेवटी उरते इमारत, फलाटाचा उंचवटा आणि पाण्याची टाकी. कर्मचाऱ्यांची नोकरी जात नाही, ते दुसऱ्या स्टेशनावर जातात. स्टेशनावर चहा, भजी, टेंभरं, मोहाची फुलं विकणाऱ्यांची मात्र बदली होत नसते.

त्या भागातल्या लोकांनी आता जायचं कसं?

धारणी तालुक्यात एका गावाचं नावच धुळघाट रेल्वे आहे. सातबाऱ्यावर, मतदार यादीत, आधार कार्डावर ‘रेल्वे’ आणि दारात रेल्वे नाही, अशी तिथली आजची अवस्था.

कोरकू लोकांची ही गावं. बाजार, दवाखाना, मजुरी यासाठी ही गाडी कामाची होती, कारण ती पावसाळ्यातही जायची. मेळघाटातले रस्ते ज्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये पाहिले आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. नाल्याला पूर आला की एसटी अलीकडेच थांबते. रूळ मात्र उंच भरावावरून आणि पुलांवरून जात होते. पॅसेंजरचं तिकीटही बसपेक्षा स्वस्त. खंडव्याकडे किंवा अकोल्याकडे कामाला जाणारा मजूर बोचकं घेऊन चढायचा आणि फार हिशेब करावा लागायचा नाही.

वळशाच्या बाजूनं बोलणारे आम्ही लोक इथे कमी पडलो असं मला वाटतं. जंगल वाचवा म्हणणारे निवेदनं देऊन मोकळे झाले, रेल्वे नवा मार्ग आखून मोकळी झाली, आणि मधल्या गावांचा प्रश्न कुणाच्याच फायलीत राहिला नाही. रेल्वे म्हणते, आता तो आमचा मार्ग नाही. वनविभाग म्हणतो, प्रवासी वाहतूक आमचं काम नाही. एसटी म्हणते, प्रवासी कमी आहेत.

करण्यासारखं बरंच आहे. धारणी–तुकईथड बाजूनं गाड्यांच्या वेळेला जुळणाऱ्या बस, बारमाही फरशी पूल, तुकईथड स्टेशनवर रात्री थांबण्यासारखी सोय. रेल्वे प्रकल्पाच्या खर्चाच्या मानानं ही रक्कम किरकोळ आहे. वळसा जाहीर करताना याची तरतूद त्याच कागदात असायला हवी होती. अजूनही करता येईल, पण त्यासाठी मागणी वळसा नको म्हणून नाही, वळशाबरोबर हे द्या म्हणून व्हायला हवी. ‘जुनीच लाइन परत द्या’ या मागणीला आता न्यायालयात आणि दिल्लीत दोन्हीकडे उभं राहायला जागा नाही, आणि त्या नादात बसची मागणीही बुडते.

धुळघाटचा ‘चारचा आकडा’ वाचवता येणार नाही का?

ज्यांनी त्या गाडीनं प्रवास केला नाही त्यांच्यासाठी: धुळघाटजवळ चढ गाठायला रूळ डोंगराभोवती पूर्ण फेरा मारून स्वतःवरूनच पुलानं ओलांडून जात. वरून पाहिलं तर मराठी ४ काढल्यासारखा. भारतात असे फेरे फार थोडे. खिडकीत बसलेली पोरं आपणच थोड्या वेळापूर्वी जिथून गेलो ते रूळ खाली बघायची.

पाताळपाणी–कालाकुंड भागात मीटरगेजवर पर्यटकांसाठी वारसा गाडी चालवली जाते, तसं इथे करा अशी सूचना अधूनमधून येते. मन हो म्हणतं. पण पाताळपाणी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात नाही. ज्या कारणानं प्रवाशांची गाडी हलवली त्याच जागी सहलीची गाडी आणायची, हे त्या गावकऱ्यांना कसं सांगणार? फोटो, नकाशे, जुनी वेळापत्रकं, निवृत्त चालक आणि गार्ड यांच्या आठवणी नीट जमवून ठेवाव्यात. तेवढं करता येतं.

जंगलातल्या जुन्या लाइनच्या जागेचं काय होणार?

भराव, पूल आणि बोगदे एका दिवसात नाहीसे होत नाहीत. माझ्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. पुलांखालचे पाण्याचे मार्ग गाळानं बंद होऊ देऊ नयेत, कारण तसं झालं तर भरावाच्या वरच्या बाजूला पाणी साचतं आणि एखाद्या पावसाळ्यात भराव फुटतो. जुन्या इमारती वनरक्षकांच्या चौक्या म्हणून वापरता येतील, त्या पडू देण्यात अर्थ नाही. आणि भरावाचा मोटारसायकलींसाठी चोरटा रस्ता होऊ देऊ नये. सरळ, सपाट, झाडं नसलेली पट्टी जंगलात तयार मिळाली की सागवान चोरांना आणखी काय हवं?

वळशात माझं शेत जाणार आहे. मी काय करावं?

हे फक्त सोनाळा–जामोद पट्ट्यातल्यांसाठी नाही, कुठल्याही रेल्वे संपादनाला लागू आहे.

विशेष रेल्वे प्रकल्प म्हणून संपादन झालं तर ते रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम २०-अ पासून सुरू होणाऱ्या प्रकरणाप्रमाणे चालतं. २०-अ ची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत लेखी द्यावी लागते. तलाठ्याला तोंडी सांगितलं, तो ‘बघतो’ म्हणाला, याला हरकत म्हणत नाहीत. महाराष्ट्रात अनेक प्रकल्पांना थेट खरेदीनंही जमीन घेतली जाते. तिथे सही करण्याआधी दर कसा काढला ते कागदावर मागून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं काम अधिसूचनेच्या आधीचं आहे. सातबारा उघडा आणि विहीर, बोअर, पाइपलाइन, संत्र्याची किंवा इतर फळझाडं यांची नोंद आहे का ते बघा. अकोट भागात चांगली फळावर आलेली संत्र्याची बाग आणि सातबाऱ्यावर कापूस, असं सर्रास असतं. संयुक्त मोजणीच्या दिवशी भांडून उपयोग होत नाही. वाटणी झालेली असेल आणि फेरफार झाला नसेल तर तो करून घ्या. भावाभावांचा वाद मोबदल्याच्या वेळी निघाला की पैसे अडकून पडतात.

मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा. शेताचे दोन तुकडे होत असतील तर पलीकडे जायचा रस्ता कुठून मिळणार हे तिथेच विचारा. नव्या मार्गांवर फाटक देत नाहीत, रुळाखालून बोगदा देतात. आपल्या काळ्या मातीत त्या बोगद्यांत पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरतं आणि बैलगाडी अडते. पाण्याचा निचरा कुठे काढणार, हा प्रश्न आराखडा कागदावर असतानाच विचारायचा. सिमेंट ओतल्यावर उत्तर मिळत नाही.

आमच्या गावाला स्टेशन मिळेल का?

प्रत्येक गावाला नाही. दोन स्टेशनांमधलं अंतर, सपाट सरळ जागा, समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना वाट देण्याची (क्रॉसिंगची) गरज यावर ते ठरतं. स्टेशन आणि हॉल्ट (गाडी नुसती थांबते ती छोटी जागा) यांत फरक आहे, हॉल्ट नंतरही मिळू शकतो. ग्रामपंचायतीचा ठराव करायचा असेल तर आताच करा.

अकोल्याहून महूला थेट गाडी पूर्वी होती. ती परत येईल?

दरवर्षी १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मस्थानी जाणारे विदर्भ-मराठवाड्यातले हजारो लोक हा प्रश्न विचारतात. ओंकारेश्वर, उज्जैनला जाणारेही विचारतात. मीटरगेजच्या काळात अकोल्यातून बसलं की ओंकारेश्वर रोड, पुढे महू अशी एका गाडीची सोय होती.

थेट गाडीसाठी दोन तुकडे पूर्ण व्हावे लागतात: आपल्याकडचा वळसा, आणि तिकडचा महू–सनावद घाटाचा नवा मार्ग. आपला तुकडा दक्षिण मध्य रेल्वेच्या अखत्यारीत, तिकडचा पश्चिम रेल्वेच्या. एक आधी झाला आणि दुसरा राहिला तर खंडव्याला गाडी बदलावी लागेल. दोन्ही झाले की नांदेड–इंदूर, हैदराबाद–जयपूर अशा गाड्या याच मार्गानं आणायची मागणी करता येईल. मीनाक्षी त्याच नावानं येईल का, हे रेल्वे बोर्ड ठरवतं, पण मागायला हरकत नाही.

मग गाडी कधी?

तारीख सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, त्यात पुढारीही आले. त्यापेक्षा काम कुठल्या पायरीवर आहे ते बघायला शिका. अंतिम सर्वेक्षण, भूसंपादन, वनजमिनीची परवानगी, माती आणि पूल, मग रूळ, मग वीज आणि सिग्नल, आणि सगळ्यात शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन असतात. त्यांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय प्रवासी गाडी धावत नाही.

भूमिपूजन ही या यादीतली पायरी नाही. अकोला–अकोटचा अनुभव तर असा की रूळ तयार झाल्यावर आणि तपासणी झाल्यावरही गाडीची वाट पाहावी लागली. बुलडाणा जिल्ह्यातल्या गावांत भूसंपादनाचा मोबदला प्रत्यक्ष खात्यात जमा व्हायला लागला आणि खकनारच्या बाजूला डोंगरात बोगद्याची कामं लागली, की मग वर्षं मोजायला सुरुवात करा. त्याआधी सोनाळ्यात स्टेशनच्या नावानं प्लॉट विकायला कुणी आला तर त्याला आधी अधिसूचनेतला गट नंबर दाखवायला सांगा.